दोन खोल्या, आईची कात्री आणि ‘आठ तास’ची चावी

मी, खाली सही करणारी, कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचे काम केलेली, बिनलग्नाची, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही, दारू मी पीत नाही आणि आज तापही नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," आणि लगेच विचारलं, "घरचं कोणी आहे का?" म्हणून लिहायला बसले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खासगी मालमत्तेविरुद्ध इतकी वर्षं बोलत आले, की आपलीही थोडी आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

कलम १. देह. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. भाषणे करू नयेत. ‘ठिणगी’ या टोपणनावाने आमच्या फोनवरच्या गटात लिहिणाऱ्या इसमाच्या हाती तर माईक देऊच नये. तो बोलायला लागला की आवरत नाही, आणि देह वेळेत पोचवावा लागतो असं ऐकते.

कलम २. हत्यारे. आईची कापड कापायची मोठी कात्री माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी. यापुढे तिला धाकटी म्हणते, घरात सगळे तेच म्हणायचे. आमची आई कपडे शिवायची. आम्ही दोघी तिच्याच मशीनवर शिकलो. माझा हात कापण्यात बसला, धाकटीचा शिवण्यात. मी कारखान्यात कटिंगला लागले, युनियनमध्ये गेले, आणि संपात नोकरी घालवून घरी आले. धाकटीने टेलरिंगचं छोटं दुकान टाकलं. आई गेली तेव्हा कात्री मी उचलली, मशीन तिने. कात्रीबद्दल तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

कलम ३. कारखान्याचा मुकादम, जो बायका संडासला गेल्या की घड्याळ काढून उभा राहायचा, त्याला मी काहीही देत नाही. तो वारल्याचं कळलं. तरीही देत नाही.

कलम ४. फोन. हा भंगारात द्यावा, पण आधी खालचं वाचावं. नोकरी गेल्यावर मी दिवसभर घरात बसून भिंतीला सुनवायला लागले होते. धाकटी हा फोन घेऊन आली. म्हणाली, "ताई, भांडायचंच असेल तर निदान माणसांशी भांड." त्याच फोनवर मी ‘आठ तास’ हा गट काढला. शिवणकाम, हॉटेल, गोदाम, जिथे जिथे लोक तासांपलीकडे राबतात, तिथली माणसं आत आली. खरी नावं कोणी सांगत नाही. भांडतो मात्र घरच्यासारखे. घरी एक मोलकरीण ठेवणारी शाळामास्तरीण मालक की कामगार, यावर आमच्यात इतकी जुंपली की काही जण फुटले आणि त्यांनी ‘खरे आठ तास’ नावाचा दुसरा गट काढला. हसू येतं, पण नुसतं हसण्यावारी नेऊ नये. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ‘कासव’ नावाचा सभासद, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, दवाखान्यात येऊन बसला. कासव, कारण कोणत्याही प्रश्नाला तीन दिवसांनी उत्तर देतो. निवृत्त लिफ्टमन आहे. त्याच्या डब्यातलं मी महिनाभर खाल्लं. या लोकांवर माझा जीव आहे, आणि आठ तास म्हणजे आठच तास, यावरून मी आजही मागे हटत नाही.

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही. मृत्युपत्र तपासून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बसवा."

शाळेच्या गणवेशांचा सीझन होता. दुकानं बंद व्हायच्या सुमारास मी धाकटीकडे निघाले होते. शटर अर्धं खाली, आत दिवा चालू, आणि तिच्याकडे कामाला असलेली एकुलती एक बाई, काजबटणवाली, मान मोडून काजं करत बसलेली. माझं रक्तच तापलं. आत जाऊन "काय गं, हिला अजून का बसवलंस?" एवढं विचारायचं होतं. तेवढं विचारलं नाही. बाहेरूनच फोटो काढला आणि घरी येऊन पोस्ट लिहिली. गटाची रीत अशी की मालकाचं नाव घ्यायचं नाही, पण पाटी झाकायची नाही. पाटी होती, आणि दुकान माझ्या बहिणीचं हेही मीच लिहिलं. लोकांनी माझं कौतुक केलं, की सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, याला म्हणतात तत्त्व. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. संपात हरल्यापासून कोणी मला तसं म्हटलं नव्हतं.

पोस्ट फिरत फिरत त्या शाळेच्या पालकांपर्यंत गेली. गणवेशाचं काम तुटलं. नंतर दुकान बंद झालं. काजबटणवाली कारखान्यात लागली, त्याच कारखान्यात, जिथे मी होते. तिथे आता आठ तासांचं कोणी नावही काढत नाही. फोटो काढला त्याच्या पुढच्या आठवड्यात तिला गावाला जायचं होतं, म्हणून काम आधीच उरकून टाकत होती, हे मला भाजीवालीकडून कळलं. तोवर दुकानाच्या जागी चपलांचं दुकान आलं होतं.

पण हे माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. मूळ फोटोत डावीकडे धाकटीही होती. मशीनवर वाकलेली, नोकराइतकीच राबणारी मालकीण. पाठ आणि एक हात स्पष्ट दिसत होता. ती दिसली तर पोस्ट उभी राहत नव्हती. मी तो फोटो कापला. जन्मभर कापत आले, रेघेवर कापला.

धाकटी त्याचा जाब विचारायला गटात सभासद झाली. एकच ओळ लिहिली: "त्या फोटोत मी कुठे गेले, ताई?" आमचा एक नियम आहे, की मालकाची बाजू इथे मांडायला द्यायची नाही, बाहेर ती रोज मांडली जातेच. नियम माझा. त्यावर बोट ठेवून मी तिची ओळ पुसली आणि तिला गटातून काढलं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीही नाही. ती पोस्ट अजून गटाच्या माथ्यावर आहे आणि नवीन आलेला प्रत्येक जण तिच्यापुढे हात जोडतो. मला लाज वाटते. रोज वाटते आणि रोज मी तिथे जाऊन लोकांना तत्त्व शिकवते.

कलम ६. माझ्या दोन खोल्या, भांड्याकुंड्यांसकट, धाकटीला द्याव्यात. हे दान नाही आणि भरपाई म्हणायला माझं तोंड नाही.

कलम ७. ‘आठ तास’ची चावी, म्हणजे गट चालवायचा अधिकार, कासवाला द्यावी. उशिरा उत्तर देणारा माणूस तिथे बसलेला बरा.

येथवर लिहिलं ते काल. आता शनिवार दुपार. साक्षीदार म्हणून कासव आणि शेजारचे चष्मेवाले यायचे होते. मृत्युपत्राला साक्ष करणाऱ्याला त्यातून मालमत्ता घेता येत नाही (गटाची चावी मालमत्ता नव्हे, म्हणून कासव चालतो), असं वकीलबाईंनी सांगितलं होतं, म्हणून धाकटीला साक्षीला बोलावलंच नव्हतं. फक्त वकीलबाईंकरवी निरोप धाडला होता, की घर तुझ्या नावे करते आहे, वाटलं तर ये. येईल असं वाटलं नव्हतं. वकीलबाई आणि कासव येऊन बसले होते, आणि चष्मेवाल्यांच्या आधी तीच आली. चप्पल दाराबाहेर नीट जोडीने काढली, पाणी नको म्हणाली, आणि हे कागद उभ्याने वाचले. पाचव्या कलमावर तिला फार वेळ लागला. मी कपबशी पुसत होते. तीच तीच.

"म्हणजे तू पाहिलं होतंस मला," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, कोपऱ्यात असल्यामुळे राहिले असेन. मी स्वतःलाच समजावत होते इतके दिवस." मग म्हणाली, "फोटो आहे अजून? आख्खा?"

होता. पुसायची छाती झाली नव्हती. दाखवला. तिने बोटांनी मोठा करून आपली पाठ पाहिली. "किती वाकले होते गं मी," एवढंच म्हणाली. मला रडू आलं. तिने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "ती पोस्ट आत्ता काढून टाकते."

"काढलीस तर याद राख. सोपं पडेल ना तुला? राहू दे वर. खाली हा आख्खा फोटो टाक, आणि मी लिहिलेलं पुसलंस ते परत लिही. आणि उत्तर दे. मी विचारलं होतं ना?"

तिच्यासमोर बसून टाकला. तिचा प्रश्न लिहिला. खाली उत्तर लिहिलं: "तू होतीस. मी कापलं." ठिणगीने तत्काळ विचारलं, "ही मालकाची बाजू नाही का? नियमाचं काय?" मी लिहिलं की नियम माझा होता, खोडला. त्यावर काय काय आलं ते वाचलं नाही. कासव इथेच बसला होता. त्याचं उत्तर मंगळवारी येईल.

मग धाकटीने पेन मागितलं. वकीलबाई तिला म्हणाल्या, "तुम्ही साक्षीला सही केलीत तर या खोल्या तुम्हाला मिळणार नाहीत."

"वाचलंय मी. पेन द्या."

"धाकटे, असं नको करू," मी म्हटलं.

"तुझं घर घेऊन गप्प बसायचं होय मी? काम त्या बाईचं गेलं, तिला दे. कात्री मात्र मी आत्ताच नेणार, जिवंतपणी. ती आईची आहे."

तेव्हा: कलम २ रद्द, वस्तू हातात दिली. कलम ६ बदलले, दोन खोल्या काजबटणवालीला. तिचं पूर्ण नाव धाकटीने सांगितलं, वकीलबाईंनी समासात लिहिलं. मला ते ठाऊक नव्हतं.

निघताना, कात्री वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता, तिने विचारलं, "दवाखान्याच्या कागदावर घरचं माणूस म्हणून कोण लिहिलंयस?"

"कासव."

"खोड ते."

तिने मला माफ केलं का, हे मला कळलेलं नाही. विचारायचा हक्क माझा नाही. सोमवारी सकाळी ती येणार आहे.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. ही ओळ उरलेल्या जागेत मागून लिहिते: चष्मेवाले आले तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. चहा पिऊन गेले.

सही: (लिहून देणार)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती.

साक्षीदार पहिला: कासव, खरे नाव सहीत. व्यवसाय: लिफ्टमन, निवृत्त.

साक्षीदार दुसरी, तिच्याच अक्षरात: सख्खी बहीण. व्यवसाय: टेलरिंगचे दुकान. सध्या बंद आहे. कारण कलम पाचमध्ये दिले आहे, आणि ते खरे आहे.