माहेरचं रक्त

६ जाने., सोम.
आरवचे हातपाय परत सुजले. हात लावू देत नाही, नुसता कळवळतो. धुळ्याला आणलं, भरती केलं. सुनेला, सरिताला बोलले, तुझ्या माहेरचंच काहीतरी आलंय नातवात, आमच्यात असं कोणाला नव्हतं. नर्ससमोर बोलले. सरिता खाली मान घालून चादर ओढत बसली.

९ जाने.
सिकलसेल. डॉ. बाईने समजावलं. रक्तातला एक वाटा आईचा, एक बापाचा. एक खराब आला तर माणसाला कळतही नाही. दोन्ही खराब आले की असं. म्हणे गणेशमध्ये एक, सरितामध्ये एक. मी म्हटलं माझा पोरगा बैलासारखा काम करतो. बाई म्हणाली, तेच सांगतेय. मग विचारलं, लग्न नात्यात का. सरिता माझ्या सख्ख्या भावाची पोर. मीच हट्टाने आणलेली.

बाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "फुई, मनं माहेर ते तुमनंच माहेर शे ना."

सासू झाले तरी आत्याच म्हणते, फुई. आणि मी माझ्याच आईबापाला

११ जाने.
आमच्या दोघांचं रक्त तपासलं. ह्यांचं चांगलं. माझ्यात एक आहे. म्हणजे गणेशला मीच दिलं. आरवचे दोन्ही वाटे माझ्याच माहेरचे.
सरितासमोर चहा ठेवला. चुकले म्हणायचं होतं. साखर बघ म्हटलं.

१२ जाने.
लेकीचं, पूजाचं पण तपासून घेतलं. तिच्यातही एक. तिला सरिताच्या भावालाच द्यायचं ठरलंय, साटंलोटं. साखरपुडा पुढच्या महिन्यात. पूजा म्हणते, त्याचं चांगलं निघालं तर? निघालं तर ठीक. नाही तर तिच्या पोटी पण असा आरव.
साक्रीला भावाला, नानाला फोन केला. पोराचं रक्त तपास म्हटलं. म्हणाला, "मनं रगत तुले माहीत नही का, अक्का?" फोन ठेवला.
त्याची पोर माझ्या घरात. मी काय काय बोलले तिला, हे त्याला कळलं असेल का.

१५ जाने.
आरवला घरी आणलं. सूज उतरलीय.
नानाचा सकाळी फोन, येतोय. पोराला घेऊन येतोस का, विचारायच्या आत ठेवला. तपासायला येतो की शब्द मोडायला, देव जाणे.
सरिता चुलीपाशी. विचारते, फुई, भाकरी एकाच्या टाकू का दोघांच्या?
दोघांच्या टाक म्हटलं.