शोल्पानसाठी मोकळं रान

२ ऑक्टोबर

नाही म्हटलं! भर सभेत, उभं राहून.

दौलेतने त्याची कुंपणाची जागा देऊ केली होती. सशामागे धावणाऱ्या ताझी कुत्र्यांची हिवाळी चाचणी तिथे घ्या, ससे मी पिंजऱ्यातून आणतो, खुर्च्याही मांडतो! पिंजऱ्यातला ससा सुटला की आधी बावरून उभाच राहतो. मग तारेशी कोपऱ्यात सापडतो. संपलं. यात कुत्र्याची परीक्षा कसली? मी हे सगळं बोलले.

"अल्माटीत सशांचं कॉलेज असतं का गं?" मागून कुणीतरी. मी तिथे शिकून आले ना! सगळे हसले.

येर्मेककाका ताझी मंडळाचे प्रमुख. म्हणाले, "झानार, महिना घे. मोकळं रान दाखव. नाही सापडलं, तर दौलेतचं कुंपण. मग कुरकुर नको."

दाखवतेच!

३ ऑक्टोबर

दौलेतशी वाकडं घेतलं म्हणून बाबा चिडले. मग आमच्या कुत्रीकडे, शोल्पानकडे बघून निवळले. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेल्या ताझींमधली ही एकटीच उरली. मैदानी चाचणी पार केल्याशिवाय तिच्या पिल्लांना वंशावळीचा कागद नाही, आणि तिचं वय काही थांबत नाही.

९ ऑक्टोबर

नदीकाठचं सपाट रान. नकाशावर देखणं — आणि प्रत्यक्षात चाळण! सगळी जमिनीत राहणाऱ्या खारींची बिळं. धावत्या कुत्र्याचा पाय आत गेला की मोडलाच. माझ्या भूमापनाच्या पदवीत बिळं नसतात.

११ ऑक्टोबर

कापलेलं गव्हाचं शेत. खुंट टोकदार, पंजे फाटतील. मालकाने आधी चहा पाजला, मग नकार दिला.

१२ ऑक्टोबर

आज चहासुद्धा नाही.

१७ ऑक्टोबर

सापडलं!! टेकडीमागची सर्सेनबाय आजोबांची चराई. गुडघाभर रानदवणा, घट्ट जमीन, लांबलचक उतार. ससे आपले आपण उठतात — शोल्पानने दोरीला असे हिसके दिले की खांदा अजून दुखतोय. पंचांना टेकडीवरून शेवटपर्यंत दिसेल.

आजोबा एकटेच राहतात. सुक्या दह्याचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "रान घ्या. यंदाच कशाला, दर हिवाळ्याला घ्या. पण मी कलाऊ करणार, पोरी. माझी ताझी मेली तेव्हापासून बोलायला कुणी नाही. ही मागणार."

बोट शोल्पानकडे होतं.

१८ ऑक्टोबर

कलाऊ म्हणजे मागणं. ताझी विकत घ्यायची नसते, मागायची असते. आणि वडीलधाऱ्याने मागितली की नाही म्हणायचं नसतं.

"शब्द निघालाय त्यांच्या तोंडून," बाबा.

"निघू दे! जिच्यासाठी रान शोधलं, तिलाच देऊन टाकू?"

"चार बुकं वाचलीस म्हणून रीत बदलते का?"

"बुकं तुम्हीच वाचायला लावलीत," आई चुलीपाशी म्हणाली. बाबा बाहेर गेले.

देणार नाही. नाही म्हणजे नाही.

२१ ऑक्टोबर

दुकानात दौलेत भेटला. "कुंपणात ये गं. कुत्रीही तुझी राहील, कागदही मिळेल. म्हाताऱ्याच्या नादी कशाला लागतेस?"

सगळ्यात वाईट म्हणजे हे खरं आहे! त्याच्याकडे गेले तर आजोबांचं रान नको, म्हणजे त्यांचं मागणंही नाही; शोल्पान माझीच. आणि गावातल्या बाकीच्या ताझी? त्या दर वर्षी पिंजऱ्यातल्या सशामागे धावणार. त्यांची पिल्लंही. माळ कसा असतो हे त्यांना कोण शिकवणार — खुर्च्या?

२५ ऑक्टोबर

सर्सेनबाय आजोबांकडे गेले. बस म्हणाले, बसले नाही.

"आज मागू नका. आधी चाचणी होऊ द्या. शोल्पान माझ्या नावाने धावेल. मग सगळ्यांसमोर मागा, देईन."

"आणि तू तिला घेऊन अल्माटीला पळालीस तर?"

"मी पळेन. माझे बाबा कुठे पळतील?"

खूप वेळ हसले. "जीभ आहे तुला." आणि मान डोलावली.

येर्मेककाका संध्याकाळी रान बघून आले. कौतुक नाही, काही नाही. नुसतं, "दौलेतला मी सांगतो." जिंकले!

६ नोव्हेंबर

गावात पैजा लागल्यात. झानार शब्द फिरवणार म्हणे, शिकलेल्या मुली फिरवतातच. लावा पैजा!

शोल्पान हल्ली माझ्या पायाशी झोपते. तिला काहीच माहीत नाही.

२२ नोव्हेंबर

पहिल्या बर्फावर शोल्पान धावली. ससा वळला की ही वळली, त्याच्याआधी वळली! पार झाली. कागद माझ्या नावाचा.

आजोबा काठी टेकत पुढे आले. वाटलं, नाही मागणार. म्हातारं माणूस, विरघळेल.

मागितली.

दिली. दोरी मीच त्यांच्या हातात दिली.

पुढच्या हिवाळ्यात तिची पिल्लं असतील. त्याच टेकडीवर, भर मंडळीत, मी एका पिल्लासाठी कलाऊ करणार. बाईने ताझी मागितल्याचं इथे कुणी ऐकलेलं नाही.

ऐकतील!