बॅटरी हलायची थांबली त्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. भावजींना वेगळा आणि जरा जास्त वाकून, कारण पुढे गाडीचा विषय आहे आणि त्या विषयात ते मला पहिल्यापासून वाया गेलेला समजतात. तुझी कंबर कशी आहे? (सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस हे माहीत आहे, तरी विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो.) इकडे आम्ही ठीक. बाबांची भूक चांगली, झोप चांगली, रक्तदाब तर माझ्यापेक्षा चांगला. फक्त त्यांनी सल्ला देणं बंद केलंय. तू हसशील. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो. आता घर खायला उठतं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण बाबांचे कान तुला ठाऊक आहेत. आमच्याकडे फोनवर कोणाशीही बोललं तरी ते त्यांच्याशीच बोलणं होतं.

मुळापासून सांगतो. गाडीची बॅटरी मेली. बाबा म्हणाले, एवढ्यासाठी मेकॅनिक कशाला, घरात दोन पुरुष आहेत. (दुसरा पुरुष म्हणजे मी. इतका मान त्यांनी मला पूर्वी कधी दिला नव्हता, त्यामुळे मी वाहवलो.) नवी बॅटरी आणली, ती जुनीपेक्षा अंगाने बारीक निघाली. दुकानदाराला विचारलं होतं, तो ‘चालेल’ म्हणाला, आणि चालेल म्हटलं की आपल्या घराण्यात पुढचं कोणी विचारत नाही. ट्रेमध्ये ती अशी दिसायला लागली, जसं थोरल्या भावाचा शर्ट घातलेलं पोर. तिला वरून दाबून धरणारी लोखंडी पट्टी बसेना, पट्टीचे लांब दांडे नुसतेच लोंबायला लागले. काम संपलं तेव्हा पट्टी, दांडे आणि नट माझ्या हातात उरले होते.

दुसऱ्या कुठल्याही घरातला माणूस इथे थांबला असता. पण आपण कोणाची मुलं? आपल्याकडे स्क्रू आवळत नाहीत, पाचर मारतात. खिडकी वाजते, सरकव पुठ्ठ्याची घडी. कपाट झुकतं, लाव बाटलीचं बूच. (तुझ्या लग्नात भावजींची खुर्ची डुगडुगत होती तेव्हा बाबांनी तिच्याखाली भावजींचाच नवा बूट सारला होता आणि ते बिचारे घरभर तो शोधत होते, हे अजूनही त्यांना सांगू नकोस.) तर बाबांनी बॅटरीच्या एका अंगाला लाकडाचा तुकडा ठोकला, दुसऱ्या अंगाला सायकलच्या ट्यूबची घडी, आणि मागे एक रबरी चप्पल अर्धी कापून. ती तुझ्या वहिनीची होती हे नंतर कळलं. टर्मिनलवरचं लाल टोपण तेवढं सापडेना. ते आधीच बाबांच्या काठीच्या टोकाला जाऊन बसलं होतं. मग त्यांनी बॅटरी हलवून पाहिली, हलली नाही. काय खूश होते ताई! संध्याकाळी शेजाऱ्यांना बॉनेट उघडून दाखवलं.

पुढे बाबांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे जेवायला निघालो. तुझी वहिनी गाडी चालवत होती, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी, मी मागे. वाटेतला स्पीडब्रेकर तिने सावकाश घेतला असं तिचं म्हणणं आहे. माझं डोकं छताला आपटलं, तेव्हा माझं म्हणणं वेगळं आहे, पण मी ते मांडलेलं नाही. बॅटरीने उडी मारली, कलंडली आणि तिचं उघडं टर्मिनल बॉनेटला आतून चिकटलं. तडतड आवाज, करपल्याचा वास, फटीतून ठिणग्या, आणि ऐन चौकात गाडी ठप्प. मी बॉनेट उचललं तेव्हा ठिणग्या थांबल्या. बॅटरी कुशीवर निजली होती. मागे बस येऊन भोंगा वाजवत उभी. बाबा खाली उतरले आणि आम्ही गाडी बाजूला ढकलेपर्यंत काठी उंच धरून त्यांनी अख्खी बस अडवली. (लाल टोक दिसत होतं म्हणून असेल, पण ड्रायव्हर खरंच थांबला.) तोपर्यंत बाबा आपले नेहमीचे बाबा होते.

बिघडलं ते गॅरेजमध्ये. मेकॅनिक बोलघेवडा, त्यात समोर चार गिऱ्हाइकं उभी. त्याने आतून एकेक वस्तू काढली आणि मडगार्डवर ओळीने मांडली. चप्पल निघाली तेव्हा सगळे खो खो हसले. मलाही हसू आलं, ते आवरता आलं नाही. “हे डोकं कोणाचं म्हणायचं?” त्याने विचारलं.

“माझं,” बाबा म्हणाले, आणि बाजूच्या टायरवर बसले.

काम मात्र त्याने चोख केलं, ते मान्य करायला हवं. ट्रेमधला गंज खरवडला, मापाची पट्टी आणि आखूड दांडे आणले, दोन्हीकडचे नट थोडे थोडे करत सारखे आवळले (फार आवळले तर बॅटरीचा डबा तडकतो म्हणे), टर्मिनलवर टोपण चढवलं. मग म्हणाला, आता बॅटरी धरून हलवा, गाडी हलेल, बॅटरी हलणार नाही. तसंच झालं. ठिणगी पेट्रोलच्या नळीवर पडली असती तर काय झालं असतं, तेही त्याने हौसेने सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.” ताई, हे तीन शब्द त्या तोंडून तू जन्मात कधी ऐकलेस?

तेव्हापासून हे असं आहे. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटत राहतं आणि बाबा शांतपणे ते आपटणं ऐकत बसतात. त्यांच्याशी रोज वाद घालणारी तुझी वहिनी आधी खचली. तिने कपाटाच्या मुठीचा स्क्रू मुद्दाम ढिला केला आणि ती त्यांच्यासमोर खडखड वाजवत बसली. बाबा म्हणाले, “सुताराला बोलवा.” ती आत जाऊन चक्क रडली. मलाही भरून येतं. गाडीत त्यांची पाचर नको, हे खरं. पण हात बांधून बसलेले बाबा मला बघवत नाहीत.

बाकी सगळं क्षेम. भावजींना वाचून दाखव (बुटाचा भाग सोडून) आणि पोटभर हसू दे.

तुझा
धाकटा

ता. क. — पत्र लिहिलं ते खरं यासाठी. रविवारी बाबांच्या फोनवर फोन कर. कीव केल्यासारखं बोलू नकोस, नेहमीसारखी तणतण: घरातलं टेबल डुगडुगतंय, माझ्या नवऱ्याच्याने काही होत नाही, आता तुम्हीच सांगा. ते सांगतील ते टेबलाखाली घाल आणि थांबलं म्हणून त्यांना पुन्हा कळव.

दुसरा ता. क. — भावजींच्या घरात काही डुगडुगत नाही, हे मला माहीत आहे. पण कुठला पाय, किती बोटं आखूड, कोणत्या अंगाला झुकतं, हे सगळं बाबा खोदून खोदून विचारतील, आणि त्यांच्यापुढे तुला खोटं बोलता येत नाही. तेव्हा शनिवारी भावजी बाहेर गेले की करवत घे आणि एक पाय थोडा काप.