आन्सेल्मोमामांना वाटेला लावलं त्याची हकिगत

पालेंके, ऑगस्टचा पहिला आठवडा

तीर्थरूप आन्सेल्मोमामा यांस,

भाचा एउसेबियो याचा साष्टांग दंडवत. इकडे संत बासिलिओच्या कृपेने सगळे धडधाकट आहेत (एक जण तर नको तितका धडधाकट आहे, ते पुढे येईलच). तुमची तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही, मनापासून विचारतो. छातीत दुखतं का? पाय गार पडतात का? कुणी नावाने हाक मारल्याचा भास होतो का? (झाल्यास ओ देऊ नका.) काराकासला तुमच्या घरमालकिणीकडे फोन आहे हे मला ठाऊक आहे, पण तुम्हाला कमी ऐकू येतं आणि ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. म्हणून नारळाच्या वड्या विकायला तिकडे निघालेल्या रुफिनाच्या हाती हे पत्र देतो आहे. बसून वाचा.

गोष्ट अशी की, जून महिन्यात गावाने तुमचा लुंबालू गायला. मेलेल्या माणसाला वाटेला लावायचं गाणं मेलेल्या माणसासाठीच गातात, तेव्हा तुम्ही मेलात असं कुणीतरी सांगितलं असणार हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते मी सांगितलं. पण रागावण्याआधी पुढचं वाचा, कारण यात निम्मा दोष म्हाताऱ्या फुल्जेन्सिओंचा आहे.

मी संस्कृती भवनाचा सचिव आहे हे तुम्हाला माहीत आहे (भवन म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, आणि सचिव म्हणजे तिच्यातल्या खुर्च्या मोजणारा). यंदा आमच्याकडे मोठी परिषद ठरली. आपल्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून जिथे जिथे नेलं, तिथे तिथे त्यांची लेकरं आता काय गातात, काय नाचतात, काय विसरली आणि काय विसरल्याचं सोंग करतात, यावर बोलायला माणसं येणार होती. बोगोटाहून प्राध्यापक अम्पारोबाई, घानाहून ढोलांचे अभ्यासक क्वाबेना, ब्राझीलहून नाचणाऱ्यांचा एक अख्खा ताफा. पत्रात प्रत्येकाची मागणी एकच : तोमासामामीचा लुंबालू ऐकायचा आहे. आता मामी काही फर्माइशीवर गात नाही. कुणाच्या तरी घरात मरण असल्याशिवाय तिच्या तोंडून त्या गाण्याचा एक सूर निघत नाही, गुणगुणली तरी यम वळून बघतो म्हणते. पण त्या वेळी फुल्जेन्सिओ अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते, पाद्रीबुवा शेवटचं तेल लावून गेले होते, मुलींनी काळे कपडे शिवायला टाकले होते. मी विचार केला, अगदी रमतगमत गेले तरी जूनपर्यंत जातीलच. आणि कार्यक्रमपत्रिकेत समारोपाखाली छापून टाकलं : ‘लुंबालू, गायिका तोमासा ओबेसो (प्रसंगानुसार)’.

जून उजाडला, पाहुणे आले, आणि जो तो आधी फुल्जेन्सिओंच्या दारी. गावातला सर्वांत जुना माणूस! त्यांच्या आठवणी नोंदवायला रांग लागली. ज्या म्हाताऱ्याला सुना पाणी द्यायला कंटाळत, त्याच्यासमोर आता जगभरचे विद्वान मांडी घालून बसलेले. आठवणी संपल्या तेव्हा ते नव्या रचू लागले. मग माशाचा रस्सा मागू लागले, मग रस्सा सोडून मासा. उद्घाटनाच्या दिवशी ते ब्राझीलच्या मुलींबरोबर नाचले, मामा, काठीशिवाय! मी कडेला उभा होतो. मला म्हणाले, “काय रे एउसेबियो, तोंड का पाडलंस? कुणी मेलं की काय?” मी म्हटलं, “नाही ना!” आणि मला खरंच रडू आलं.

अम्पारोबाई फार सभ्य बाई. त्या रोज जेवताना हळूच विचारायच्या, सचिवसाहेब, तो ‘प्रसंग’ साधारण कधी आहे? मी आसपासच्या गावांत चौकशी केली. सगळा तालुका ठणठणीत. अशा अवस्थेत मी मामीच्या अंगणातून चाललो होतो. ती काहिलीत नारळ परतत होती. तिने वर न बघता विचारलं, “काराकासची काही खबर?” दर महिन्याला ती एवढंच विचारते, रताळ्यांचा भाव विचारावा तशी, आणि काही न सांगण्याची तुम्ही शपथ घातलेली असल्यामुळे मी दर महिन्याला ‘नाही’ म्हणतो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, “मामा गेले.” कशाने, तर छातीने. मामीने उलथणं खाली ठेवलं आणि कानांतली कर्णफुलं काढली. एवढंच. मी ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर कुंपणापलीकडच्या बाईने किंकाळी फोडली, आणि आपल्या गावात एकदा किंकाळी फुटली की पुढे दुरुस्ती चालत नाही.

संध्याकाळपर्यंत तुमचा सगळा कुआग्रो हजर. ज्यांच्याबरोबर तुम्ही वाढलात, भांडलात, चोरून आंबे खाल्लेत, ती पोरं (आता एकालाही धड दात नाहीत) चुली मांडून, अंगणात बाकडी टाकून मोकळी झाली. घरात पांढऱ्या कापडावर ठेवायला तुमचा फोटो हवा होता. एकच सापडला, मुष्टियुद्धाचे हातमोजे घातलेला. त्यामुळे नऊ दिवस जो आत येई त्याच्यावर तुम्ही मूठ उगारून होतात. त्यांच्यातला प्रुदेन्सिओ म्हणाला, हा फोटो लढतीआधीचा, लढतीनंतर फोटो काढण्याजोगं तोंड उरलं नव्हतं. सगळे हसले, मग रडले, मग प्रुदेन्सिओने कबूल केलं की तुमच्या लग्नाआधी त्यानेही मामीला मागणी घातली होती. तुमच्या कुआग्रोने त्याला तिथल्या तिथे दंड ठोठावला, रमच्या दोन बाटल्या. फुल्जेन्सिओ सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी गेले, आणि जेवले सगळ्यांत जास्त. “चांगला पोरगा होता,” म्हणाले, “तरणाताठाच गेला.”

दिवे लागायच्या सुमारास मामी उठली. लुंबालूच्या मोठ्या ढोलावर, जिथे पूर्वी तुम्ही बसायचात, दुसराच कुणी बसला होता. मामा, इथे मला थट्टा सुचत नाही. मी तिचे लुंबालू लहानपणापासून ऐकतोय, पण हा वेगळा होता. तिने तुम्हाला शिव्या दिल्या, सुरात. बस कुठली होती, सदरा कुठला होता, जाताना मागे वळून बघितलं नाहीत, सगळं सांगितलं. मग म्हणाली, “आन्सेल्मो, भाताचं भांडं मी रोज दोघांच्या मापाने लावलं, उरलेलं कोंबड्यांनी खाल्लं, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या.” बायांनी ते उचलून धरलं आणि अंगणभर तेच फिरू लागलं. तीस वर्षं ही बाई ना धड नवऱ्याची होती ना विधवा, आणि तीस वर्षं मी तिला दर महिन्याला ‘नाही’ म्हणत होतो. मला माझी शरम वाटली आणि तुमचा रागही आला, तोही लिहून टाकतो.

आता विद्वानांचं ऐका. क्वाबेनांनी सुरुवातीलाच कॅमेरा पिशवीत घातला. आमच्याकडे शोकाच्या घरी पाहुणा नुसता उभा राहत नाही, म्हणाले, आणि विहिरीवरून पाणी आणायला लागले. अम्पारोबाईंच्या हातात ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं, पण त्या इतक्या रडल्या की ते सुरू करायचंच राहिलं. म्हणजे ज्यासाठी तुम्हाला मारलं, ते हाती लागलंच नाही. शिवाय नवव्या दिवसाआधी शोकाच्या गावातून निघणं बरं नाही, म्हणून सगळी परिषद नऊ दिवस मामीच्या अंगणात भांडी घासत राहिली. व्याख्यानं सगळी रद्द. माझा शोधनिबंध (विषय : मरणगीतांमागील समजुतींची शास्त्रीय चिकित्सा) वाचायचा राहिला. जाताना सगळे म्हणाले, अशी परिषद आजवर झाली नाही. त्यात माझं कौतुक किती, ते मी विचारलं नाही.

जिवंत माणसाचा लुंबालू गायला की त्याचा जीव आपोआप त्या वाटेला लागतो, असं म्हणतात. मी शिकलेला माणूस आहे, ही समजूत किती भाबडी हे माझ्या निबंधात तीन पानं खर्चून सिद्ध केलेलं आहे. तरी जूनपासून मला जेवण गोड लागत नाही. कृपया रुफिनाच्याच हाती उत्तर पाठवा, आणि स्वतःच्या अक्षरात.

तुमचा (तुम्ही असाल तर) आज्ञाधारक भाचा,
एउसेबियो

ता. क. : खरी विनंती वर लिहायला धीर झाला नाही. आता गावी येऊन राहावं म्हणतो, असा तुमचा मागचा निरोप होता. मामा, कृपा करून येऊ नका. मामी काळ्या कपड्यांत शांत दिसते, लोक तिला मान देतात. जिवंत माणसासाठी आपण गायलो हे कळलं तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि तुम्ही दारात उभे राहिलात तर बाकीचं मी सांगायला नको. काराकासमध्ये आपल्या गावचं कुणी भेटलंच तर आपण आन्सेल्मोचे धाकटे भाऊ आहोत असं सांगावं.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. रद्द समजावा. लिहिताना मोठ्याने म्हणायची मला खोड आहे, आणि मामी खिडकीखाली शेंगा सोलत बसली होती. ती आत आली आणि म्हणाली, “मेल्या, खोटं तरी धड बोलायला शीक. मेला म्हणालास तेव्हा जमिनीकडे बघत होतास.” काराकासहून येणारी प्रत्येक बाई तिला तुमची खबर देत होती म्हणे, दात कधी पडले इथपर्यंत. मग माझ्याकडे दर महिन्याला विचारायचीस कशाला, म्हटलं. तर म्हणे, तू कधी खरं बोलतोस ते बघत होते. मग गायलीस का? तर म्हणाली, “माझं वय झालंय. मी आधी गेले तर त्याचं कोण गाणार? या पोरी? त्यांना त्याला शिव्यासुद्धा नीट देता येणार नाहीत. तू मरण आणलंसच दारात, म्हटलं, आवाज आहे तोवर करून टाकावं.”

पुढचं तिने सांगितलं तसंच उतरवून घेतो. “त्याला लिही, तुझं मी केलं, आता माझं तू करायचंस. मोठ्या ढोलावर तुझ्याशिवाय कुणी बसलेलं मला चालणार नाही. मी काही एवढ्यात मरत नाही. पण तीस वर्षांत तुझा हात पार बिघडला असणार, तो बसायला वेळ लागेल. तेव्हा आत्ताच ये.”