डाव्या गालावरचा डाग

९ फेब्रुवारी

आजही तिने माझ्याकडे धड बघितलं नाही. आली, चहा घेतला, तिच्या पार्लरमधले दोन ॲप्रन दुरुस्तीला दिले – खिसे पार उसवलेत – आणि बोलताना सगळा वेळ नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. जणू माझ्या शेजारी आणखी कोणी बसलंय आणि ती त्याच्याशी बोलतेय! "येते गं मावशी," म्हणाली आणि गेली. चहा अर्धा तसाच कपात.

भिंगरी म्हणतो आम्ही तिला. लहानपणी एका जागी ठरेल तर शपथ! थोरलीची एकुलती एक. थोरली जाऊन आता वर्ष होत आलं. थोरली म्हणजे तरी किती थोरली – काही मिनिटांनी! जुळ्या आम्ही, एका साच्यातून काढलेल्या. पोरीचा तरी काय दोष? आईला पोचवून घरी आली, तर दार उघडायला आईच!

१३ फेब्रुवारी

मशीनसमोरच्या आरशात काम करताना मान वर केली की थोरली. सुईत दोरा ओवताना तीही ओठ मुडपते. आम्हा दोघींना चाळिशीनंतर वांग आलं – मला डाव्या गालावर, तिला उजव्या. समोरासमोर बसलो की तेव्हाही आरसाच वाटायचा. आता खराच आरसा उरलाय.

खोकला आला की मीच दचकते. खोकलाही तिचाच.

१८ फेब्रुवारी

मनाने घेतलं ते घेतलंच. भिंगरीच्या पार्लरमध्ये गेले.

"मावशी, तू? आज सूर्य कुठून उगवलाय?"

"हा डाग काढायचाय मला."

तिचा हात थबकला. "असू दे ना. कोण बघतंय?"

तू बघत नाहीस म्हणूनच – जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. वांग थोरलीला होतं, मलाही आहे. ते गेलं की तेवढी तरी मी वेगळी दिसेन. चेहरा बदलता येत नाही, पण उसवता येईल तेवढा उसवावा!

खूप होय-नाही केल्यावर तिने एक छोटी बाटली दिली. लॅक्टिक ॲसिड म्हणे. म्हटलं, "ॲसिड? संडास धुवायचं की तोंड?" हसली. पण खणाकडे बघून हसली.

मग सूचनांचा पाऊस. "आधी कानामागे थोडं लाव, दोन दिवस थांब. चुणचुणलं तर चालेल, आग व्हायला नको. मग आठवड्यातून दोनदाच, संध्याकाळी, कोरड्या चेहऱ्यावर. दिवसा सनस्क्रीन – नाहीतर डाग उलट काळा पडेल. आणि याच्या जोडीला दुसरं काही नाही. ऐकतेयस ना?"

ऐकलं. एका कानाने.

१० मार्च

ढिम्म फरक नाही! भिंगरी मागच्या आठवड्यात आली तेव्हाही तसंच. कानाशी बोलली आणि गेली.

कोपऱ्यावरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात चौकशी केली. काउंटरवरची पोरगी चुणचुणीत. ग्लायकोलिक त्वचेचा वरचा थर सुटा करतं, सॅलिसिलिक छिद्रांतल्या तेलात उतरतं, आणि रेटिनॉलच्या क्रीमने खालून नवी कातडी लवकर वर येते. मला पटलंच. जाड कापडाला मी दुहेरी दोरा घालतेच की. एकाने भागत नाही तिथे तीन-चार!

बांधून देताना म्हणाली, "एकत्र लावू नका हं आजी." म्हटलं, बरं बाई.

११ मार्च

सगळी एकावर एक लावली. लिहवत नाही. गालावर इस्त्री ठेवल्यासारखं झालंय.

१२ मार्च

तोंडाचा फुगा झालाय. डोळ्यांच्या नुसत्या फटी. आरशावर चादर टाकली.

१३ मार्च

वरच्या मजल्यावरची बाई पँटची चेन बदलून न्यायला आली, मला बघून किंचाळली आणि परस्पर भिंगरीला फोन करून मोकळी झाली. भिंगरी पार्लर बंद करून धावत आली. मग जे सुनावलंय!

"तीन ॲसिडं! वर रेटिनॉल! एकाच संध्याकाळी! मावशी, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

म्हटलं, गुण लवकर यावा म्हणून.

"कातडी म्हणजे काय जीन्स आहे? घासून घासून फिकी करायला? अगं, ही सगळी एकच काम करतात – थर काढायचं. एकाने एक थर निघतो. चौघांनी मिळून भिंतच पाडली! आता आतलं पाणी बाहेर आणि बाहेरची आग आत."

त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक साधं मलम दिलं. कातडी भरून येईपर्यंत साधं पाणी आणि मलम, बाकी सगळं बंद.

घरी आल्यावर तिने स्वतःच्या बोटाने मलम लावलं. किती हलका हात! वाकून, अगदी जवळून बघत होती. पहिल्यांदाच. पण बघत होती ती जखमेकडे.

२० एप्रिल

कातडी भरली. डाग होता त्याहून गडद! भिंगरी म्हणाली होती तसंच. मी हट्ट सोडला नाही म्हटल्यावर कपाळावर हात मारून म्हणाली, "तू ऐकणारी नाहीस. मग माझ्या हाताखाली होऊ दे. एकच ॲसिड, सौम्य, तेही मी लावणार. मध्ये काही शिवायचं नाहीस."

म्हटलं, शिवणं हाच माझा धंदा आहे. तर चापट मारली हातावर. थोरली मारायची तशी.

१२ मे

आठवड्यातून दोनदा येते! ॲसिड लावते, मग समोर बसून राहते. उरलेल्या दिवशी नुसतं क्रीम लावायचं, आणि खिडकीत उभं राहायचं तरी सनस्क्रीन. बाई कडक आहे कामाला.

आज आपण होऊन आईबद्दल बोलली. दवाखान्यातले शेवटचे दिवस. "पाणी मागायची गं, आणि दोन घोटसुद्धा गिळता यायचे नाहीत." माझे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर तिची बोटं. मी हूं हूं करत राहिले. डोळे उघडले असते तर ती थांबली असती.

१६ जून

डाग फिका होतोय. आनंद व्हायला हवा.

बस थांब्यावर थोरलीच्या ऑफिसातली एक बाई भेटली. मला बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. टोमॅटो रस्ताभर! मी गोळा करायला वाकले तर मागे सरकली. "तुम्ही... तुम्ही तर..." म्हटलं, मी धाकटी. तरी विश्वास बसेना. पूर्वी लोक क्षणभर गोंधळायचे, मग म्हणायचे, "धाकट्या ना?" आजची बाई एकही टोमॅटो न घेता बसमध्ये चढली.

६ जुलै

आरशावरची चादर आज काढली. कॉलर लावायची होती, उजेड हवा होता.

डाग जवळजवळ गेला. आणि आरशात कोण? आजारी थोरली नव्हे, वांग असलेली थोरलीही नव्हे. त्याआधीची! भिंगरीला कडेवर घेऊन जिन्यावरून खाली यायची, ती. मी तिच्याकडे बघत राहिले. कॉलर उलटी शिवली गेली.

चादर परत टाकली.

२० जुलै

भिंगरी आली, दिवा जवळ ओढला, ओल्या कापसाने गाल पुसला. पुसता पुसता मागे सरली. आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. सरळ! पाच महिने मी याच्यासाठी जीव टाकत होते.

"आई," म्हणाली. मायेने नाही. भुताला विचारावं तसं.

पर्स इथेच टाकून गेली. जिन्यावरून धावण्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

२४ जुलै

फोन उचलत नाही. पार्लरवर गेले, तर हाताखालची मुलगी म्हणाली, "ताई बाहेर गेल्यात." आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. परत आले.

३० जुलै

आली. पर्स न्यायला, म्हणाली. माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसली आणि बोलली.

"मी त्या डागाशी बोलायचे गं. तुझे डोळे आईचे, आवाज आईचा, चहा ओततानाचा हातसुद्धा आईचा. घरात आले की छातीत धडधडायचं. मग डाग बघायचे. डाव्या बाजूला आहे – म्हणजे मावशी. घाबरू नकोस. असं स्वतःला सांगत वर्ष काढलं. मला तरी कुठे कळत होतं मी काय बघतेय! आणि पुसला कोणी? मीच. माझ्या हाताने."

आणि मी समजत होते, पोर कानाकडे बघते.

पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण हातही थोरलीचाच. मांडीवरच ठेवला.

४ ऑगस्ट

मीच निरोप धाडला – भुवयांची पेन्सिल घेऊन ये.

"कशाला?"

"रंगव परत. हाय काय अन् नाय काय!"

आधी रडली, मग नाक ओढत हसली. तपकिरी पेन्सिलने गालावर सावकाश रेघा मारल्या, बोटाने पसरल्या, लांबून बघितलं, आणखी दोन रेघा. हुबेहूब! कातडी सोलून सोलून जे घालवलं, ते दोन मिनिटांत परत. मग खांदे सैल सोडून बसली आणि चहा पूर्ण प्यायली. कप उपडा करून दाखवला मला!

१८ ऑगस्ट

येते, पर्स ठेवते, आधी डाग रंगवते आणि मग बोलायला लागते. पार्लरमधल्या गमती, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. गेली की मी तोंड धुते. तोंड धुताना आरशाकडे बघत नाही.

३१ ऑगस्ट

आज भिंगरीचा वाढदिवस. पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग माझी हनुवटी धरली, चेहरा दुसऱ्या बाजूला वळवला आणि डाग रंगवला – उजव्या गालावर. चुकून नाही. मी मान हलवली नाही.