गेनबाचं तणनाशक विहिरीपर्यंत पोचत नाही

भोर, बुधवार

ती. प्रद्युम्नदादांस,
आनंदचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (तुम्हाला आवडत नाही, तरी). वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळं ठीक, माझी अब्रू सोडली तर.

निवृत्त मास्तरानं रसायनशास्त्राचं करायचं काय? तुमच्या प्रयोगशाळेतल्या शेफालीनं मला संगणकावरचं एक गणित दिलं. औषध, माती, उतार, पाऊस एवढं भरलं, की ते औषध जमिनीतून किती दिवसांत कुठवर जाईल आणि कधी नाहीसं होईल, ते कळतं. (ज्योतिषी दक्षिणा तरी घेतात, मी फुकट भविष्य सांगू लागलो.) विंझरच्या गेनबानं भातात तणनाशक मारण्याआधी विचारलं, खालच्या अंगाला बनाबाईंची विहीर आहे, तिथं जाईल का? मी ठणकावून सांगितलं: चाळीस दिवस लागतील, आणि दर अकरा दिवसांनी निम्मं होत जाईल. पोचेल ते नावापुरतं. गेनबानं त्याच दिवशी फवारलं.

आठव्या दिवशी बनाबाईंचं विहिरीच्या पाण्यावर वाढवलेलं अळू पिवळं पडून आडवं झालं. मी जाऊन पाहणी केली, चष्मा पुसला आणि अळूला रोग पडल्याचं जाहीर केलं. तेव्हा गेनबा डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, फवारल्यावर दुसऱ्या दिशी म्या बांध फोडून पानी खाली सोडलं व्हतं. बनाबाईची बारी व्हती न्हवं." वरच्या खाचरातलं पाणी दिवसाआड खालच्याला द्यायचं, ही इथली आज्यापणज्यापासूनची रीत. संगणकानं विचारलं होतं, पाणी साचून राहतं का? मी 'होय' भरलं. (भातात पाणी साचतंच की!) बनाबाईंच्या खाचराला लागूनच विहीर, तिचा कठडा ढासळलेला. चाळीस दिवसांची वाट औषधानं न्याहारीच्या आत उरकली.

बनाबाईंनी विचारलं, "आवो मास्तर, मंग पानी पेऊ का नगं?" चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, खुशाल प्या. तत्त्वतः माझं गणित आजही बरोबर आहे, चुकला तो बांध.

वहिनींना नमस्कार.
तुमचा, आनंद

ता. क. सोबतच्या बाटलीत त्या विहिरीचं पाणी आहे. बाकीची कामं बाजूला ठेवून तपासा.

आणखी एक. त्या दिवशी निघताना बनाबाईंनी त्याच पाण्याचा चहा पुढे केला. पोट बिघडलंय असं सांगून मी नको म्हटलं. त्यांनी तो नातीला दिला आणि मी गप्प बसलो. दादा, फार लाज वाटते. अहवाल येईल तेव्हा येईल. बाटली टेम्पोवाल्याकडे देऊन मी आत्ताच विंझरला निघालोय, पाणी पिऊ नका म्हणून सांगायला.