माळावरची काळी माती

१२ जून २०२५, सकाळी ११.४०
याच मिनिटाला माती-परीक्षणाचा रिपोर्ट हातात पडला. माळावरच्या माझ्या प्लॉटची माती म्हणे उथळ, हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, जन्मभर भूगोल शिकवला. दख्खनचा खडक लाव्ह्याचा, लाव्ह्याची माती काळी, काळी माती कसदार. हे न येणाऱ्यांना मी बाकावर उभं केलं आहे. काउंटरवरच्या माणसालाही केलं असतं, बाक नव्हता.

१३ जून
पुण्याहून सिद्धेश्वरीचा फोन. लेकीची अट कायम. दसऱ्यानंतर येऊन बघणार. बाग दिसली तर मी इथे, माझ्या दोन खोल्यांत. नाहीतर प्लॉट विकून तिच्या अकराव्या मजल्यावर, जिथे तुळससुद्धा जावयाला विचारून ठेवावी लागते.
गुलाब लावणार. ठरलं.

१४ जून
पहार मारली. वीतभर खाली खणकन वाजली. पहार जुनी आहे.

१७ जून
तलावातला गाळ आणवला, सगळीकडे पसरला. काळाभोर. नवा नमुना त्यातूनच पाठवला. माझ्याच प्लॉटवरची माती, यात खोटं काय? खालच्या प्लॉटचे कासीमभाई, रिटायर्ड ड्रायव्हर, म्हणाले, टीचर, गाळ उतारावर सोडलाय, त्याला ब्रेक कुटं हाय? उतार मला नकाशावर ओळखता येतो.

४ जुलै
नवा रिपोर्ट: काळी, ओलावा धरणारी, उत्तम. फ्रेम करायला टाकला.

६ जुलै
गुलाब लावले. कासीमभाईंनी वांगी लावली. ज्याची त्याची झेप.

१२ ऑगस्ट
रात्री जोराचा पाऊस. सकाळी गुलाब तांबड्या मुरमावर आडवे, मुळं उघडी. गाळाचं ढेकूळही नाही. सगळा कासीमभाईंच्या वांग्यांत. बाग तात्पुरती हलली आहे, एवढंच.

२८ सप्टेंबर
कासीमभाईंच्या बायकोने, अमिनाभाभींनी, पिशवीभर वांगी पाठवली. निरोप: तुमच्याच मातीची हायेत. परत पाठवली. मग पुन्हा मागवून घेतली. भरली वांगी झकास झाली. म्हणजे माती कसदारच होती. माझा मुद्दा सिद्ध.

३ ऑक्टोबर, सकाळी ९
कासीमभाईंना द्यायच्या पत्राचा मसुदा:
माझी माती विनापरवानगी आपल्या प्लॉटमध्ये आली असून आपण तिच्यावर वांगी घेतली आहेत. माती परत नको. ती पुन्हा खालीच येईल. मात्र माझी मुलगी रविवारी येत आहे. त्या दिवसापुरतं मधलं तारेचं कुंपण काढून ठेवावं, आणि वांगी कोणाची असं तिने विचारल्यास आपण उभयतांनी गप्प राहावं. उत्तर लेखी हवं, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत.